बरणीतल्या मुंडक्याचं परीक्षण

कुरखेड्यात मला नाट्यपरीक्षक म्हणतात. त्यामागची पात्रता एकच : रात्री दहा-अकराला उघडलेला पडदा पहाटे पडेपर्यंत मी जागा असतो. आमच्या भागात एवढं पुरतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान घरात आलं, की इथे गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतंच. वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावातली चार माणसं तिथं जाऊन तारीख बुक करतात, इसार देतात, आणि मग त्या तारखेला लेकी-जावयांसकट सगळं गाव मंडपात येऊन बसतं. अशा नाटकांवर मी अधूनमधून लिहीत असे. रडवणारी नाटकं मला झेपत नाहीत. त्या प्रवेशांना मी चहाला जातो. त्यामुळे माझ्या परीक्षणात विनोदी पात्रांबद्दलच मजकूर जास्त, आणि त्यावरून 'विनोदाचा जाणकार' अशी माझी ख्याती नागपूरपर्यंत गेली.

तिथून 2012 च्या पावसाळ्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. त्यांना एका व्हिडिओ गेमचं परीक्षण हवं होतं.

"सर, मी शाळामास्तर आहे," मी म्हणालो. "गेम खेळणाऱ्या मुलांचे मोबाइल जप्त करणं हा माझा त्या क्षेत्रातला अनुभव."

"अहो, विनोदी आहे. भागाभागांनी येतो. खेळणाऱ्याला एखादं पात्र घेऊन वावरावं लागतं. नवा भाग नुकताच आलाय. म्हणजे तुमचंच झालं की सगळं!"

मग त्यांनी मानधनाचा आकडा सांगितला आणि मलाही ते सगळं माझंच वाटू लागलं.

पोळ्याला पुण्याहून पुतण्या आला. त्याच्याकडे तो गेम होता आणि मला देण्यासारखा एक जुना लॅपटॉपही. बॅटरी पार मेलेली. वीज असेल तोवरच तो चालणार आणि गेली की त्याच क्षणी डोळे मिटणार. गेमचं नाव : 'पेनी आर्केड्स ऑन द रेन-स्लिक प्रेसिपिस ऑफ डार्कनेस 3'. पावसानं निसरड्या झालेल्या अंधाराच्या कड्यावर म्हणे. सती नदी दुथडी भरलेली, अंगणात शेवाळ, आणि डीपी जळाल्यामुळे आळी काळोखात. नावातलं सगळं साहित्य माझ्या दारात फुकट उपलब्ध होतं.

सच्चा परीक्षक तिसऱ्या अंकाला मंडपात शिरत नाही. म्हणून मी पहिल्या भागापासून सुरुवात करायचं ठरवलं. पुतण्या म्हणाला, "काका, गरज नाही, तिसरा थेट खेळता येतो." मी म्हणालो, "तुझ्या पिढीला संदर्भ म्हणजे काय ते ठाऊक नाही." पुढं जे काही झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे.

तर संदर्भ असा. जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक हे दोन अमेरिकन गृहस्थ 1998 पासून इंटरनेटवर 'पेनी आर्केड' नावाची चित्रमालिका चालवतात. एक लिहितो, दुसरा काढतो, आणि विषय बहुतेक वेळा व्हिडिओ गेमच. त्या मालिकेतले टायको आणि गेब हे दोघे या गेममध्ये 1922 सालच्या न्यू आर्केडिया नावाच्या काल्पनिक शहरात गुप्तहेरगिरी करतात. टायको शब्दबंबाळ बोलतो, गेब ठोसे मारतो. पहिला भाग मे 2008 मध्ये आला, दुसरा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दोन्ही व्हँकुव्हरच्या हॉटहेड गेम्स या कंपनीनं केले. तिसरा काही त्यांच्याकडून झाला नाही. कथा अर्ध्यावर थांबली आणि लोक वाट पाहत बसले. पुढं झेबॉइड गेम्स या रॉबर्ट बॉइड आणि बिल स्टियर्नबर्ग अशा दोघांच्या कंपनीनं ते काम हाती घेतलं आणि जून 2012 मध्ये तिसरा भाग आला. लेखक तोच, कंपनी नवी. वडशाच्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्या भागात सुरुवातीलाच तुम्हाला स्वतःचं पात्र घडवायला सांगतात. केस, कपडे, चेहरा, सगळं निवडायचं. मी एक भरघोस मिशीवाला गृहस्थ तयार केला. तो माझ्यासारखा दिसत नव्हता, पण मी जसा दिसायला हवा होतो तसा दिसत होता. हा मनुष्य अंगणात उभा असताना एक अवाढव्य यंत्रमानव येतो आणि त्याचं घर पायाखाली चिरडून निघून जातो. मग मिशीवाला हातात दाताळं घेऊन सूड घ्यायला निघतो. वाटेत भिकारी भेटतात, तोंड रंगवलेले मूकनट भेटतात, त्या सगळ्यांना त्यानं दाताळ्यानं बडवायचं. हे मी मन लावून करत असताना सौभाग्यवती मागं येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "आपलं दाताळं कोठ्यात टांगलंय. पावसानं आवारात हा एवढा कचरा साचलाय. तुमच्या त्या मिशीवाल्याचा हात इतका बसला असेल, तर त्याला म्हणावं, इकडंही ये थोडा."

खरी अडचण दाताळ्याची नव्हती. पहिल्या दोन भागांत शत्रूचा वार होत असताना नेमक्या क्षणी स्पेसबार दाबला तर तो अडवता येतो. 'नेमका क्षण' हा माझ्या आयुष्यातला कायमचा कच्चा विषय. एस.टी. सुटल्यावर मी स्टँडवर पोचतो आणि नाटकात टाळ्या ओसरल्यावर टाळी वाजवतो. एकदा वार होऊन गेल्यावर दाबलं, एकदा शत्रू अजून विचार करत असताना दाबलं, आणि शेवटी चिडून सतत दाबत राहिलो. कन्या अकरावीत होती. ती म्हणाली, "बाबा, ते बटण आहे, उखळ नाही." तोवर स्पेसबार निखळून माझ्या मांडीवर आला होता. तो परत बसवला, पण फक्त दिसण्यापुरता.

पुढचे अडथळे कन्येनं दुसरं कुठलंतरी बटण जोडून स्वतः पार केले आणि मी शेजारी बसून सूचना केल्या. अशा रीतीनं आम्ही, म्हणजे तिनं, दोन भाग संपवले आणि मी ताठ मानेनं तिसऱ्या भागात प्रवेश केला.

तिसऱ्या भागात मिशीवाला नव्हता.

मला आधी वाटलं, उशिरा येईल. आमच्याकडं मुख्य नटाची एंट्री उशिराच असते, तोवर पब्लिक तापवून ठेवतात. मी वाट पाहिली. एक अख्खी संध्याकाळ प्रत्येक बोळात, प्रत्येक दारात डोकावलो. ज्याच्या घरावर यंत्रमानवाचा पाय पडला, ज्याचं दाताळं मी खपून चांगलं करवून घेतलं, तो माणूस कुठाय? शेवटी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, या भागात आपलं पात्र घडवायची सोयच काढून टाकलीय. आता टायको, गेब, टायकोची घटस्फोटित बायको मॉयरा आणि जिम."

"जिम कोण?"

"बरणीतलं मुंडकं."

परीक्षक म्हणून इथं मी तक्रार नोंदवतो. दोन रात्रींच्या नाटकात प्रेक्षकाला रंगमंचावर चढवायचं आणि तिसऱ्या रात्री त्याच्या जागी काचेच्या बरणीत ठेवलेली कवटी आणायची, हे काही सभ्यपणाचं नाही. आमच्या आईला मात्र जिम आवडला. ती चष्मा लावून जवळ आली, पाहिलं आणि म्हणाली, "बापू, मुंडकं कायले ठेवलं गा बरनीत? मुरत घातलं का? झाकन नीट लाव म्हना, बुरशी येते पावसात."

मिशीवाल्याचं दुःख बाजूला ठेवलं तर तिसरा भाग हा माझ्यासारख्या मंद बोटांच्या माणसासाठीच बनवलेला आहे. पहिल्या दोन भागांतली ती उठाठेव करणारी त्रिमितीय चित्रं गेली. त्यांच्या जागी जुन्या टीव्ही-गेमसारखी ठिपक्याठिपक्यांची चित्रं आली. वार अडवायची घाई संपली. वरती एक पट्टी असते, तिच्यावर सगळ्यांची चिन्हं हळूहळू सरकतात, ज्याचं चिन्ह टोकाला पोचलं त्याची पाळी. आपली पाळी आली की गेम थांबून राहतो. चहा करून आणा, शेजारच्या म्हाताऱ्याची विचारपूस करून या, शत्रू तिथंच उभा. शत्रूची पाळी जवळ आली असेल तर काही डाव असे आहेत की त्यांनी तो पट्टीवर मागं ढकलला जातो. हे मला फार रुचलं. शाळेच्या वेतनबिलाचं नेमकं असंच होतं, फक्त तिथं ढकलणारे आम्ही नसतो.

नियमही सरळ. प्रत्येक लढाईनंतर सगळ्यांची प्रकृती ठणठणीत होते, वापरलेली औषधं पुढच्या लढाईला पुन्हा हजर. मंत्रशक्ती मात्र सुरुवातीला नसल्यासारखी, ती पाळीगणिक वाढते. आणि तसाच शत्रूही पाळीगणिक बळकट होत जातो. म्हणजे रेंगाळलात तर मेलात, आणि घाईत मोठा डाव टाकायला जाल तर हातात काही नाही. या दोन टोकांच्या मध्ये जी डोकेफोड करावी लागते, तीच या भागाची खरी गंमत. मी स्वाभाविकच रेंगाळण्याच्या बाजूनं हरत गेलो. कन्येनं गुपचूप पातळी 'सोपी' करून ठेवली, आणि त्यानंतर माझ्या खेळात आलेल्या सफाईचं श्रेय मी बरेच दिवस अनुभवाला देत होतो.

आता विनोदाकडं येतो, कारण मानधन त्याचं होतं.

टायकोची वाक्यं म्हणजे अलंकारिक इंग्रजीचा सप्ताह. मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो. एक वाक्य वाचायचं, चार शब्द शोधायचे, अर्थ लावायचा आणि मग हसायचं. असं हसू येईपर्यंत दृश्य बदललेलं असे. एकदा तर वीज गेली, पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या पडद्याकडं पाहून मला मागच्या वाक्यातला विनोद उमगला. अंधारात एकटाच खो-खो हसणारा मास्तर पाहून सौभाग्यवतींनी आईला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर लिंबू होतं.

आमच्या शेजारी एक पेटीमास्तर राहतात. झाडीपट्टीच्या मंडपांत त्यांनी उभी हयात ऑर्गन वाजवला. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. ते रोज संध्याकाळी येऊन माझ्या मागं खुर्ची टाकून बसू लागले. टायकोच्या संवादांना ते जांभई देत. पण तिसऱ्या भागात एक सोय आहे. प्रत्येक पात्राचा स्वतःचा धंदा ठरलेला असतो आणि त्यावर तुम्ही बिल्ले लावून आणखी दोन वेश चढवू शकता. हे वेश अजब आहेत. एक खेकड्यांना वश करून लढतो. एक डायनासोरांचा मांत्रिक. एक पुठ्ठ्याच्या नळीची तलवार करून सामुराई बनतो. एक निव्वळ आळशी आहे आणि आळस हेच त्याचं शस्त्र. मी गेबला खेकड्यांचा बिल्ला लावला. पहिला खेकडा पडद्यावर आला आणि पेटीमास्तर खुर्चीतून उडाले.

"मास्तर! केकडा! का आनला जी त्यानं! वन्समोर!"

"वन्समोर नसतो यात. शत्रू मेला."

"मंग त्याले उठवा ना. आमच्याकडं तर मेलेला राजा उठून गानं म्हनते आन् पुन्हा मरते."

या गेममध्ये तेही नाही. वाटेवरचा शत्रू एकदा मेला की मेला, त्या जागी पुन्हा उगवत नाही. पेटीमास्तरांना हा कंजूषपणा वाटला. मला सोय वाटली, कारण रस्ता चुकून मी त्याच बोळात परत परत जात होतो.

पण पेटीमास्तरांच्या त्या हसण्यानं माझं परीक्षण फिरवलं. ते जिथं हसत, तिथं भाषेची गरज नव्हती. विनोद बोलण्यात नव्हता, करण्यात होता. खेकड्याचा डाव हास्यास्पद आणि तोच डाव उपयोगी, एकाच वेळी. लढाई जिंकायला तुम्हाला तो वेडगळपणा गंभीरपणे करावा लागतो. पहिल्या दोन भागांत लढाई थांबली की विनोद सुरू व्हायचा. तिसऱ्यात लढाईच विनोदी आहे. दोन माणसांच्या कंपनीनं चित्रं साधी केली, आवाका कमी केला, आणि गंमत मात्र कामाच्या जागी नेऊन बसवली.

हे आमच्या तालुक्याला नवं नाही. कुरखेडा तालुक्यातल्याच गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे वेगवेगळ्या भूमिका असा त्यांचा हिशेब सरकारनं त्या वेळी जाहीर केला. आठशे! आणि मी इथं दोन बिल्ल्यांत गोंधळून गेबचा बिल्ला मुंडक्याला लावत होतो. आमच्याकडचा विनोदी नट मंडपात आला की तोंड उघडायच्या आधी चालतो. त्या चालण्यावर पहिला हशा येतो. मागं बसलेल्याला ऐकू गेलं नाही तरी चालतं. मग तो समोरचं गाव पाहून बोलतो. सरपंच कुठं बसलाय, धानाला भाव काय मिळाला, कुणाची म्हैस हरवली, हे सगळं त्याला पडदा उघडायच्या आधी ठाऊक असतं. न्यू आर्केडियाच्या टायकोला मी कुरखेड्यात बसलोय याचा पत्ता नव्हता, आणि शेवटपर्यंत लागला नाही. लिहिलेल्या विनोदाची तेवढी हद्द धरूनच त्याला गुण द्यायला हवेत. त्या हद्दीत तिसऱ्या भागाला मी पहिल्या दोघांच्या वर बसवतो.

पद्मश्री तेवढी नंतरची. बाकी हे सगळं मी परीक्षणात लिहिलं. लिहिलं त्याच लॅपटॉपवर, ज्याचा स्पेसबार दिसण्यापुरता होता. मला वाटलं, शब्द चिकटून आले तरी छापखान्यात सुटे करतील. केले. पण कुणी केले कोण जाणे. 'तो फारसा बोलत नाही' असं मी गेबविषयी म्हटलं होतं, ते 'तोफा रसा बोलत नाही' असं छापून आलं. दिवाळी अंकात माझा लेख 'रंगभूमी' या विभागात होता. पात्रं, वेश, लढाया, पहिला, दुसरा, तिसरा भाग, एवढं पाहून त्यांनी तो तिथं टाकला असावा. 'गेम' हा शब्द शीर्षकात होता, पण शीर्षक त्यांनी बदललं होतं : 'बरणीतलं मुंडकं : एक धमाल विनोदी प्रयोग'.

भाऊबीज झाली आणि एका गावाची मंडई समिती दोन मोटारसायकलींवरून दारात आली. पाच जण. चहा झाला. मग त्यातला वडीलधारा म्हणाला, "सर जी, ते मुंडकं कोन्या कंपनीचं? वडशाले साऱ्या हापिसांत पुसलो. कोनाले माहीत नाही म्हन्ते."

मी समजावलं की हे नाटक नसून कॉम्प्युटरवरचा खेळ आहे.

"हो ना जी, खेळच पायजे. रात्रीचाच. लावनी हाये का त्यात?"

"लावणी नाही."

"नसन तर घालू. मुंडक्याचं काम कोन करते?"

"कुणी करत नाही. ते चित्र आहे."

"झाकी हाये मने," त्यानं बाकीच्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "आन् रेट?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण मी अचूक माहिती देण्याच्या सवयीचा. "पाच डॉलर," मी म्हणालो. "आपले पावणेतीनशे रुपये."

खोलीत शांतता पसरली. रात्रभराच्या नाटकाला काही हजार मोजणाऱ्या त्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. वडीलधाऱ्यानं बनियनच्या खिशातून शंभराच्या नोटा काढल्या, तीन मोजून माझ्या शब्दकोशावर ठेवल्या आणि म्हणाला, "पंचवीस रुपये राहू द्या, सर. तारीख पक्की समजतो." मी हो-नाही म्हणेपर्यंत मोटारसायकली चालू झाल्या होत्या. नेमका क्षण, म्हटलं ना.

तो इसार परत करायला मला त्यांच्या गावी जावं लागलं, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पेटीमास्तरांना सोबत नेलं. त्यांनी जुन्या ओळखीतून वडशाच्या एका कंपनीची तारीख जमवून दिली. मंडईच्या रात्री मी पहिल्या रांगेत होतो. विनोदी नट आला, चालला, आणि मंडप हसला. मग त्यानं माझ्याकडं बोट करून, तीनशे रुपयांत नाटक विकणारा मास्तर तो हाच, असं त्याच्या ठसक्यात जाहीर केलं. कुणी सांगितलं असेल त्याला, ते पेटीमास्तरांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

तर निकाल असा. थेट तिसरा भाग घ्या, संदर्भाच्या नादी लागू नका. आधी खेकड्यांचा बिल्ला लावा. इंग्रजी अडलं तर संवाद सोडून द्या, लढाया सोडू नका. पहिला भाग ज्यांची बोटं चपळ आणि स्पेसबार मजबूत आहे त्यांनीच खेळावा. चौथा आणि शेवटचा भाग जून 2013 मध्ये आला. त्याचं परीक्षण माझ्याकडं कुणी मागितलं नाही.